शिकागोच्या ट्रामचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार.

१९०४ साली जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर पत्नी मारियाने यांच्यासह अमेरिकेला गेले होते. निमित्त होतं सेंट लुइसच्या विद्वत्परिषदेचं. वाटेत शिकागो लागलं. तिथून घरी लिहिलेल्या पत्रात एका ट्राम कंपनीचा हिशेब आहे. वर्षाकाठी सुमारे ४०० माणसं अपघातात मरतात किंवा कायमची जायबंदी होतात. मेलेल्याच्या वारसांना ५,००० डॉलर द्यायचे, जायबंदी झालेल्याला १०,०००. (जगलेला माणूस दुप्पट महाग!) कंपनीने आकडेमोड केली. अपघात टाळण्याची व्यवस्था महाग पडत होती, भरपाई स्वस्त. तेव्हा भरपाईच देत राहायची.

याला क्रूरपणा म्हणून आपण मोकळे होऊ. पण गणित तर बिनचूक आहे! नफा हे साध्य, आणि त्यासाठी कमीत कमी खर्चाचं साधन. सगळं मोजायचं, आधीच अंदाज बांधायचा, याला वेबर औपचारिक विवेक म्हणतात. त्या हिशेबातून माणसांच्या गरजा भागल्या का, न्याय झाला का, असं एखाद्या मूल्याच्या कसोटीवर तपासणं हा आशयात्मक विवेक. दोघांचं जमेलच असं नाही. आधुनिक बाजारात आणि कचेरीत सरशी होते ती बहुधा पहिल्याची.

म्हणून वेबर यांना जुन्या काळाचे गोडवे गायचे होते, असं मात्र नाही. राजाच्या लहरीवर न्याय मिळण्यापेक्षा राग-लोभ बाजूला ठेवून नियमाने काम करणारा कारकून परवडला, हे ते जाणून होते. अडचण अशी की तोच कारकून चुकीचा हुकूमही तितक्याच चोखपणे बजावतो.

इथे समाजशास्त्रज्ञ कार्ल मानहाइम आठवतात. १९३३ मध्ये नाझी राजवटीने त्यांना फ्रँकफर्टच्या प्राध्यापकपदावरून काढलं, ते लंडनला गेले. त्यांचं म्हणणं, संघटना जितकी काटेकोर होते, तितकी त्यातल्या सामान्य माणसाची स्वतः विचार करून निर्णय घेण्याची सवय मोडते. विचार करायला वर साहेब बसलेलेच असतात.

जर्मन तत्त्वज्ञ युर्गेन हाबरमास यांनी १९८१ मध्ये वेगळी वाट काढली. विवेक म्हणजे नुसता साध्य-साधनांचा मेळ नव्हे. एकमेकांना कारणं देत, आक्षेप ऐकत सहमतीला येणं हाही विवेकच. मला हे पटतं, पण अर्धंच. चर्चेला बसणाऱ्यांपैकी एकाच्या हाती पगार असतो आणि दुसऱ्याच्या घरी चूल पेटायची असते, तेव्हा आक्षेप तोंडातून बाहेर पडायचा कसा?