दारू उतरताना

रविवार, सकाळचे दहा. नाशिकचा गंगापूर रोड. मिसळीसाठी बाहेर रांग लागलीय. आत कोपऱ्यातल्या टेबलावर एक तरुण. समोर काळ्या मसाल्याचा रस्सा, वर लालभडक तर्री. वाफ नाकात शिरते आणि तो ताट बाजूला सारतो. कपाळावर घाम, बोटांना कंप.

"काही नाही रे, पित्त झालंय."

पित्तही असेल. रात्रीच्या दारूने जठराचं अस्तर दुखावतं, मळमळ तिथूनही येते. पण मोठी घडामोड यकृतात होते. तिथे एक एन्झाइम, म्हणजे शरीरातली क्रिया घडवणारं प्रथिन, दारूचं आधी ॲसिटाल्डिहाइड करतं, दारूहून जास्त विषारी. मग दुसरं एन्झाइम त्याचं निरुपद्रवी ॲसिटेट करतं. हे दुसरं एन्झाइम जन्मतःच कमजोर असलं, तर दोन घोटांत चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलटी होते. जपान, चीन, कोरियात अशी माणसं पुष्कळ, आपल्याकडे कमी. अशा माणसाला "घे रे, एकाने काय होतंय?" हा आग्रह कुणी करू नये.

दारू सोडवण्यासाठी डॉक्टर देतात ती डायसल्फिरमची गोळी हेच एन्झाइम अडवते. काही घरांत ती नवऱ्याला न सांगता वरणात कालवली जाते. त्या बाईची तगमग कळते हो, पण तो वरून प्यायला तर रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. गोळी त्याला सांगूनच, डॉक्टरांच्या देखरेखीत द्यायची असते.

मग या तरुणाला त्रास रात्री नाही, आत्ता का? कारण रक्तातली दारू शून्याकडे येते, तेव्हाच हँगओव्हर शिखरावर असतो. लघवी आवरून धरणारं व्हॅसोप्रेसिन हे हार्मोन दारूने दबतं, अंगातलं पाणी जातं. झोपही तुटक झालेली असते.

काय प्यायलं, यानेही फरक पडतो. याच रस्त्याने पुढे वायनरी लागतात. तिथली रेड वाइन द्राक्षाच्या सालींसकट आंबवतात. तिच्यात हिस्टामिन, म्हणजे ॲलर्जीत शरीर सोडतं ते रसायन, सहसा व्हाइटपेक्षा जास्त; काहींचं डोकं एका ग्लासातच धरतं, त्यामागे हेही एक कारण असू शकतं.

मित्र हळूच म्हणतो, "उताऱ्याला थोडी घे."

उताऱ्याने बरं वाटतं, कारण उतरणंच लांबतं. यकृत तासाला साधारण ३० मिलीचा एक पेग निपटतं; लिंबू-कॉफीने तो वेग वाढत नाही.

तरुण मान हलवतो. पाण्याचा दुसरा ग्लास मागतो, आणि पावाचा तुकडा नुसत्या दह्यात बुडवतो.