आवाज देशाला, चिठ्ठी घराला

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या गोव्यात तारवटी घरं काही कमी नाहीत. बोटीवर गेलेल्या माणसाची खुशाली आली नाही की त्या घरातल्यांचा जीव कसा टांगणीला लागतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. आज अशाच एका घराबद्दल बोलायचं आहे. घर कोलकात्याच्या एल्गिन रोडवरचं आणि दूर गेलेला मुलगा सुभाषचंद्र बोस.

जानेवारी १९४१ मध्ये ते नजरकैदेतून निसटले आणि काबूल, मॉस्को करत बर्लिनला पोचले. वर्षभरानंतर, फेब्रुवारी १९४२ मध्ये, ते आझाद हिंद रेडिओवरून स्वतःच्या नावाने बोलू लागले. या केंद्रावरून मराठीतही बातम्या दिल्या जात, हे मुद्दाम सांगतो.

पुढच्याच महिन्यात बातमी पसरली, की सुभाषबाबू विमान अपघातात गेले. गांधीजींनी त्यांच्या आईला, प्रभावतीदेवींना, सांत्वनाची तार केली. ती तार हातात घेऊन बसलेली माउली डोळ्यांपुढे आणून पाहा. खुलासा केला तो मुलानेच, बर्लिनच्या मायक्रोफोनपुढे बसून: मी जिवंत आहे. मग गांधीजींची दुसरी तार गेली, आनंदाची.

रानातल्या ट्रान्समीटरवरून आलेल्या आवाजाचं मोल आपल्या गोमंतकीयांना कळतं. १९५५ पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आंबोलीच्या जंगलातून 'गोंयचे सोडवणेचो आवाज' हे गोवामुक्तीसाठीचं गुप्त रेडिओ केंद्र चालवलं, ते चोरून ऐकणारे कान याच मातीतले होते.

८ फेब्रुवारी १९४३. जर्मनीतल्या कील बंदरातून यू-१८० ही पाणबुडी सुभाषबाबूंना घेऊन पूर्वेकडे निघाली. सोबतीला एकटे सहकारी आबिद हसन. आत डिझेलचा वास इतका, की कपडे, पांघरुणं, पाव, काहीच त्यातून सुटत नसे. त्या कोंदट जागेत सुभाषबाबू मजकूर सांगत आणि आबिद हसन लिहून घेत. जपानच्या पंतप्रधानांशी काय बोलायचं, याची तालीमही तिथेच चाले. २८ एप्रिलला मादागास्करजवळ, खवळलेल्या समुद्रात, दोघे रबरी होडीतून जपानी आय-२९ पाणबुडीवर गेले. मे महिन्यात सुमात्राजवळच्या साबांग बेटावर पाय टेकले. तीन महिने पाण्याखाली आणि पाण्यावर!

मला मात्र राहून राहून आठवते ती निघण्याआधी लिहिलेली चिठ्ठी. बंगालीत, थोरले बंधू शरदबाबूंच्या नावे. पुन्हा धोक्याच्या वाटेवर निघतो आहे, पण या वेळी घराच्या दिशेने, अशी तिची सुरुवात. मग कळवलं होतं, की मी इथे लग्न केलं आहे, मला मुलगी झाली आहे, मी नसलो तर दोघींना माया द्या. मुलगी अनिता तेव्हा जेमतेम अडीच महिन्यांची होती. आणि शरदबाबू स्वतः इंग्रजांच्या कैदेत! चिठ्ठी पत्नी एमिलींपाशीच राहिली.

पुढे सिंगापूर, आझाद हिंद सरकार, रंगून. ६ जुलै १९४४ ला रेडिओवरून गांधीजींना 'राष्ट्रपिता' म्हणून घातलेली साद सगळ्या देशाला माहीत आहे. पण १९४३ संपता संपता एल्गिन रोडवरची आई गेली, तिला मुलाची भेट काही झाली नाही.

चिठ्ठीतली विनंती शरदबाबूंनी पाळली. १९४८ मध्ये ते व्हिएन्नाला गेले आणि सहाव्या वर्षात असलेल्या पुतणीला पहिल्यांदा भेटले.