भोरगिरीची एक रात्र, आपल्या भीमेच्या उशाशी

(दृश्य: पहाट, भीमानगरचा पूल, खाली नदीचं रुंद पात्र)

आम्हा सोलापूरकरांचं पावसाळ्यात सकाळी उठल्या उठल्या एक काम ठरलेलं असतं, भीमेवरचं उजनी धरण किती भरलं? प्लसमध्ये, म्हणजे मृतसाठ्याच्या वर, आलं का? दौंडवरून किती क्युसेक येतंय? आमच्याकडं ढग नुसते येऊन बघून जातात, पण तिकडं वर कुठंतरी पाऊस झाला की इकडं घराघरात जीव भांड्यात पडतो. आता हे "तिकडं वर" म्हणजे नक्की कुठं, हे मी कधी डोळ्यांनी बघितलं नव्हतं. भीमाशंकरला लहानपणी गेलो होतो आईबरोबर, पायऱ्या उतरलो, दर्शन घेतलं, पेढे घेतले आणि परत गाडीत. जिचा उगम तिथं, ती भीमा नदी बघायचीच राहिली.

म्हणून यंदा दिवाळी झाल्यावर आम्ही चौघं मित्र निघालो, दोन टेंट, एक स्टोव्ह, आणि घरनं दिलेला डबा म्हणजे कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही. कॅम्पिंगला जाणाऱ्या प्रत्येकाला मी सांगेन, नूडल्सची पाकिटं राहू देत, आपली कडक भाकरी न्या, आठ दिवस काय होत नाही तिला, वजन नाही, आणि रात्री थंडीत शेंगाचटणी-तेलाबरोबर चुरून खाल्ली की वर काही लागत नाही.

पुण्याच्या पुढं चाकण, मग राजगुरुनगर, तिथनं चास आणि वाडा. चासला चासकमान धरण लागतं, तेही भीमेवरच. तिथनं पुढं रस्ता बारीक होतो आणि डोंगर जवळ येतात. आम्ही सपाट काळ्या रानात वाढलेली माणसं, आमच्याकडं जिकडं बघावं तिकडं ज्वारी आणि आभाळ, त्यामुळं तिन्ही बाजूंनी डोंगर अंगावर आले की पहिल्यांदा जरा दबल्यासारखंच होतं. रस्ता संपतो तिथं भोरगिरी. गावात नदीकाठाला कोटेश्वराचं जुनं देऊळ, वर डोंगरात किल्ल्याच्या गुहा, आणि देवळाजवळनं वाहणारी ही...

(दृश्य: दगडांमधून वाहणारं पाणी, जवळून. पाच सेकंद नुसता आवाज)

ही भीमा. खरंच हीच. पंढरपूरला चंद्रभागा म्हणून जिच्या वाळवंटात लाखो माणसं उभी राहतात ती. इथं दगडावरनं दगडावर पाय टाकत पलीकडं जाता येतं, चप्पल पण भिजत नाही. पाणी इतकं नितळ की तळाच्या खड्यांवरच्या रेघा मोजाव्यात. मी वाकून हात घातला तर बर्फासारखं गार, आणि बोटांभोवती बारीक मासे येऊन थांबले, पळाले पण नाहीत.

भीमाशंकरचं अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं, साधारण १३० चौरस किलोमीटरचं. त्या जंगलात वनखात्याच्या परवानगीशिवाय तंबू ठोकता येत नाही आणि ते बरोबरच आहे. आम्ही थांबलो ते अभयारण्याच्या बाहेर, गावातल्या एका मामांच्या शेताकडेला. आम्ही काय केलं, तर नदीच्या अगदी काठाला, गवत छान दिसलं म्हणून तिथंच टेंट उघडायला घेतले. मामा लांबनं बघत होते, जवळ आले आणि म्हणाले, "पोरांनो वर सरका, तिथं झोपू नका, रात्री थंडी खाली उतरती." आम्हाला वाटलं पाण्याची भीती घालतायत, नोव्हेंबरात कसला पूर येणार. पण थंडी खाली उतरते हे अगदी खरं आहे, रात्री डोंगरावरची गार हवा जड होऊन घळीत येऊन बसते, आणि नदी असते घळीत. तीस-चाळीस पावलं वर, बांधाच्या वरच्या अंगाला सरकलो. पावसाळ्यात तर नदीच्या पात्राजवळ टेंट टाकायचाच नाही, वर डोंगरात पडलेला पाऊस तुम्हाला दिसत पण नाही आणि पाणी पायाशी येतं.

एक चूक मात्र झालीच. थंडी म्हणून आम्ही टेंटच्या सगळ्या झडपा लावून घेतल्या. मध्यरात्री कपाळावर टप टप. पाऊस नव्हता, आमच्याच श्वासाची वाफ, ती गार कापडाला लागून आतनंच थेंब झाले होते आणि माझी चादर वरनं ओली. सोलापूरची चादर बरं का, जाड, आईनं मुद्दाम दिलेली. मग ती चार घड्या करून खाली अंथरली, झडप वितभर उघडी ठेवली, आणि काय सांगू, तेवढ्यानंच ऊब आली कारण अर्धी थंडी जमिनीतनं येत होती. पहाटेपर्यंत झोप लागली नाही तरी वाईट वाटलं नाही, नदीचा आवाज रात्रभर बदलत असतो, हे मला माहीतच नव्हतं. संध्याकाळी माणसं बोलत असतात तेव्हा ती ऐकूच येत नाही, आणि तीनला उठलं तर वाटतं उशाशीच वाहतेय.

(दृश्य: सकाळ, झाडांच्या शेंड्यावर ऊन)

सकाळी गुप्त भीमाशंकरच्या वाटेला लागलो. भोरगिरीवरनं भीमाशंकरला जाणारी ही जुनी पायवाट, बहुतेक सगळी झाडीतनं. अंजनी, जांभूळ, आंबा, आणि हिरडा. इथल्या महादेव कोळी लोकांचा बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळं, गोळा करून विकायचा जुना धंदा आहे, मामांच्या घरात पण पोतं होतं. वाटेत डोक्यावर खडखड असा आवाज आला, मान वर केली तर शेकरू. आपला राज्यप्राणी, पाठ तांबूस, शेपटी अंगापेक्षा लांब वाटावी अशी, आणि एका शेंड्यावरनं दुसऱ्यावर अशी झेप की फांदी नंतर हलते, ते आधी पोचलेलं असतं. एकच शेकरू तीन-चार घरटी बांधतं म्हणे मामा, आणि ते खरंच आहे. फांद्या एकमेकांना भिडलेल्या असल्या तरच त्याला फिरता येतं, मधलं एक झाड तोडलं की त्याचा रस्ताच तुटला.

मेच्या शेवटी इथं काजवे असतात, आणि पावसाळ्यात ओल्या कुजक्या लाकडावरची बुरशी अंधारात हिरवट चमकते. ते आम्हाला मिळालं नाही, परत येणार.

आता पावसाचं बघा. समुद्रावरनं आलेले ढग सह्याद्रीला धडकतात, वर चढतात, गार होतात आणि इथंच मोकळे होतात. भीमाशंकरला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस. आणि तेच वारं सोलापूरला पोचेपर्यंत कोरडं होतं, आमच्या वाट्याला ६०० मिलिमीटरच्या आतबाहेर. म्हणजे आमचा पाऊस इथंच पडून जातो, आणि मग नदी तो आमच्याकडं आणून देते. भामा, इंद्रायणी, मुळा-मुठा, घोड सगळ्यांना घेत उजनी, तिथनं नीरा नरसिंहपूर, पंढरपूर, औजचा बंधारा. औजला साठलं की टाकळीवरनं उपसून सोलापूरच्या नळाला. अजून खाली हत्तरसंग कुडलला सीना मिळते, तिथल्या संगमेश्वराच्या देवळात शके ९४० चा, म्हणजे १०१८ सालचा मराठी शिलालेख आहे.

जेवण झाल्यावर आमच्यातला एकजण भांडी घेऊन नदीकडं निघाला, हातात साबण. मामांच्या घरातल्या मावशींनी हाक मारली, "ओ दादा, त्यात नको, बादलीनं पाणी घ्या आणि इकडं झाडापाशी घासा, राख देते." मला एकदम लाज वाटली. सोलापूरचा माणूस मी, चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या गावचा, मला हे दुसऱ्यानं सांगावं लागलं. मधे पुण्याचं सांडपाणी मिसळतं, धरणं आहेत, एका साबणानं काय होतंय असं कुणी म्हणेल. म्हणू दे. पण अख्ख्या भीमेत जिथं पाणी अजून पाण्यासारखं आहे ती जागा ही एवढीशीच आहे, आणि वीकेंडला येणारे टेंट काय एक-दोन नसतात. कचऱ्याची पिशवी आम्ही सोलापूरपर्यंत परत आणली.

(दृश्य: सोलापूर, अंगणात निळा बॅरल, नळाची धार)

परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीला पाणी आलं, पहाटे साडेतीनला. आई बॅरल भरत होती, मी तिला मोबाईलवर हे शूटिंग दाखवलं. तिनं पदराला हात पुसले, मोबाईल जवळ धरला.

"ही आपली चंद्रभागा?"

"हो."

"एवढीशी व्हय?" म्हणाली, आणि परत एकदा लाव म्हणाली. बॅरल भरून वाहायला लागला तसा मी नळ बंद केला, ती अजून बघतच होती.