विंचेस्टर १८९० रायफली साडेआठ लाख बनल्या, मग चांगली का सापडत नाही?

तर मंडळी, आपल्याकडे जत्रेत फुगे फोडायचा स्टॉल असतो ना, छऱ्याची बंदूक घेऊन नेम धरायचा, तसला प्रकार इकडे अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी जोरात होता, फक्त इकडे हातात खरी पॉइंट टू टू (म्हणजे बारीक काडतुसाची) रायफल द्यायचे. आणि या नेमबाजीच्या स्टॉलवाल्यांची लाडकी म्हणजे विंचेस्टर १८९०. जॉन आणि मॅथ्यू ब्राउनिंग या भावांचं डिझाइन. बॅरलखालचं लाकूड मागे ओढलं की रिकामी पुंगळी बाहेर आणि हॅमर चढला, पुढे ढकललं की नवीन काडतूस आत. म्हणून सगळे पंपच म्हणतात.

१९३२ पर्यंत साधारण साडेआठ लाख बनल्या, तिची स्वस्तातली धाकटी बहीण मॉडेल १९०६ पण जवळपास तेवढीच. नवख्याला वाटतं ढिगाने मिळतील. मिळतात की! पण नळीत टॉर्च मारून बघा, नुसते खड्डे. कारण असं, की आधी काळी दारू (प्यायची नव्हे), मग स्मोकलेस, म्हणजे बिनधुराची दारू आली तरी काडतूस पेटवणाऱ्या मसाल्याचा क्षार नळीत उरायचा, तो हवेतली ओल खेचतो आणि लगेच गंज. रेमिंग्टनची नळी न गंजवणारी क्लीनबोअर काडतुसं आली १९२६ ला, तोवर शेतावरच्या पोरांनी खारी मारून न पुसताच कोपऱ्यात उभ्या केलेल्या.

आता माझा गाढवपणा सांगतो. या १८९० मॉडेलची प्रत्येक रायफल एकाच जातीच्या काडतुसाची असते, बॅरलवर ठसा असतो, शॉर्ट, लाँग, डब्ल्यूआरएफ (विंचेस्टर रिम फायर), आणि १९१९ पासून लाँग रायफल. मी गन शोमध्ये अष्टकोनी बॅरल बघून असा पाघळलो की ठसा वाचलाच नाही, घरी येऊन बघतो तर डब्ल्यूआरएफ! ती पुंगळी जाडी असते, त्या चेंबरमध्ये नेहमीचं लाँग रायफल घातलं तर ढिलं बसतं आणि पुंगळी फाटते. आणि डब्ल्यूआरएफ काडतुसं दुकानात रोज थोडीच मिळतात, दिसली की दोन डबे उचलायचे.

दुसरं, चकाचक दिसली की सावध. कुणीतरी हौसेने बफ मारून नवीन ब्लूइंग (पोलादावरचा निळसर काळा थर) केलेलं असतं, कडा गोल झालेल्या, अक्षरं पुसट, आणि किंमत मात्र म्युझियमची! मी तर तपकिरी पडलेली पण हात न लावलेली घेईन, बायको भंगार म्हणते, म्हणू दे. रायफलीवर जुना सिरियल नंबर असेल तर वायोमिंगमधल्या कोडी गावच्या म्युझियममध्ये विचारा, फॅक्टरीच्या वह्या तिथे आहेत, सगळ्या नंबरांच्या नाहीत पण सुरुवातीच्या आहेत.

बरं, ही टेबलावरची हातात घेऊन बघा. रिकामी आहे, दोनदा तपासलीय, तरी तोंड भिंतीकडेच ठेवा हं.