चिंगी जिन्यात थांबते तेव्हा

(मोबाईलवर काढलेला व्हिडिओ. जिना, सकाळचं ऊन.)

हा व्हिडिओ मागच्या वर्षीच्या गणपतीतला आहे. सातारा, आमची बिल्डिंग, दुसरा मजला, लिफ्ट नाही. ही आमची कुत्री चिंगी, नऊ वर्षांची. एसटी स्टँडच्या मागं भर पावसात सापडली होती, ओंजळीत मावेल एवढी, तेव्हापासून आमच्याकडंच आहे. आता नीट बघा. ती जिन्याच्या तोंडाशी येते, खाली बघते, एक पाय पुढं टाकते आणि परत मागं घेते. मग जांभई देते, मग तोंड फिरवून भिंतीकडं बघत बसते. आणि मागून मी म्हणतेय, "चल ना गं, काय नाटकं लावलीयेस." हा आवाज माझाच आहे, आणि आता ऐकला की पोटात कालवतं.

त्याच महिन्यात तिचं बाकीचं पण बदलत गेलं, पण एकेक गोष्ट सुटी सुटी झाली त्यामुळं आमच्या कोणाच्या डोक्यात ती एकत्र आलीच नाही. कुकरची शिट्टी झाली की ती पलंगाखाली जायला लागली, जी चिंगी आठ वर्षं कुकरच्या शेजारी झोपायची. ढोल तर लांबून ऐकू आला तरी थरथरायची. रात्री दोनदा-तीनदा उठून जागा बदलायची, गारव्यात सुद्धा धापा टाकायची. आणि एक दिवस दादाच्या मुलीवर गुरगुरली. घरात एकदम शांतता. सहा वर्षांची पोर, तिनं फक्त मिठी मारली होती.

मग सुरू झालं. कोणी म्हणालं लाडावलीये, कोणी म्हणालं म्हातारी झाली की होतात अशी चिडकी, आणि एका ट्रेनरनं येऊन सांगितलं की ती तुमच्या डोक्यावर बसलीये, तिला दाखवून द्या घरात मोठं कोण ते, गुरगुरली की पट्टा ओढून खाली दाबायचं. आम्ही दोन दिवस ते केलं. दोनच दिवस, पण केलं. तिसऱ्या दिवशी मी जवळ गेले की ती खाली सरपटायला लागली आणि आईनं पट्टा माझ्या हातातून काढून घेतला.

हे 'घरातला मोठा कोण' प्रकरण कुठून आलं ते नंतर वाचलं. बंदिस्त जागेत, एकमेकांशी नातं नसलेले लांडगे एकत्र ठेवून त्यांच्या भांडणावरून हा विचार निघाला, 1947 साली. डेव्हिड मेच नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं 1970 मध्ये तो आपल्या पुस्तकात लिहिला आणि तो जगभर पसरला. पण पुढं मोकळ्या रानातले लांडगे वर्षानुवर्षं बघून 1999 मध्ये त्यांनीच लिहिलं की कळप म्हणजे साधं कुटुंब असतं, आई-बाप आणि त्यांची पिल्लं, तिथं कोणी मारामारी करून राजा होत नाही. ज्यानं सांगितलं त्यानंच दुरुस्त केलं, तरी आपल्याकडं अजून कुत्र्यांना त्या नावाखाली दाबतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

(भाची आणि चिंगीचा व्हिडिओ, हळू करून.)

त्या मिठीचा व्हिडिओ वहिनीनं सहज काढला होता. तो आपण आता सावकाश बघू. पोर गळ्यात हात टाकते. इथं थांबवा. चिंगीनं मान पलीकडं वळवली. पुढं. जीभ बाहेर येऊन नाकावरून फिरली, समोर खायला काहीच नसताना. पुढं. आता डोळा बघा, कडेला पांढरं दिसायला लागलं, अंग ताठ झालं, तोंड मिटलं. आणि मग ती गुरगुरली. म्हणजे आधी तीन वेळा तिनं नको म्हणून सांगितलं होतं, आपल्याला चौथ्यांदा ऐकू आलं. आणि त्या चौथ्या वेळेसाठी आपण तिला शिक्षा केली. गुरगुरणं मारून बंद केलं तर आतलं दुखणं किंवा भीती जात नाही, फक्त इशारा जातो, मग पुढच्या वेळी कुत्रं सरळ चावतं आणि लोक म्हणतात काही कारण नसताना चावलं.

दिवाळी फार वाईट गेली. ते मी दाखवणार नाही.

आमच्या जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय कॉलेज आहे, पण गाडीत चढायलाच ती तयार होईना, म्हणून जानेवारीत आधी गावातल्याच डॉक्टर मॅडमकडं गेलो. त्यांनी पहिल्यांदा काय विचारलं असेल? घरात चालतानाचा व्हिडिओ आहे का. कारण दवाखान्यात कुत्रं इतकं घाबरलेलं असतं की लंगडणं सुद्धा विसरतं, घरातलं चालणं खरं. मी तो जिन्याचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी दोनदा बघितला आणि म्हणाल्या, "ही नाटकं नाहीत ताई, हिचं दुखतंय."

मग त्यांनी माझा हात धरून तिच्या मागच्या मांडीवर ठेवला. डाव्या बाजूला मांस भरलेलं, उजव्या बाजूला हात सरळ हाडाला लागला. तो पाय ती कित्येक महिने कमी वापरत होती. मागच्या पायाची नखं पुढून घासलेली, कारण पाय पूर्ण उचललाच जात नव्हता. एक्स-रे काढला, कमरेच्या सांध्याची झीज, म्हणजे आपल्या आजीच्या गुडघ्यांना होतं तेच. आजी निदान म्हणते तरी आई गं.

कुत्रं ओरडत नाही. हे मला आधी कळलं असतं तर! कायमचं दुखणं असेल तर ते सहसा विव्हळत नाही, ते उठायला वेळ लावतं, बसताना एका कुल्ल्यावर भार टाकतं, एकच सांधा चाटत बसतं, अंग झाडताना मधेच थांबतं, पलंगावर उडी मारायचं सोडून देतं आणि आपण म्हणतो शहाणं झालं.

पण आवाजाचं काय? कुकरचा आणि कमरेचा काय संबंध? हे ऐकून मी चाटच पडले. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठात 2018 मध्ये आवाजाला घाबरणाऱ्या 20 कुत्र्यांचा अभ्यास झाला, त्यातल्या 10 जणांना सांध्याचं किंवा स्नायूंचं दुखणं होतं. त्या दहा जणांना आवाजाची भीती सुरू झाली तीच मुळी बाकीच्यांपेक्षा सरासरी जवळजवळ चार वर्षं उशिरा. अभ्यास करणाऱ्यांचा अंदाज असा की आवाज झाला की दचकून अंग आखडतं, अंग आखडलं की दुखरा सांधा कळ मारतो, आणि कुत्र्याच्या डोक्यात बसतं की ह्या आवाजानं दुखतं. मग आवाज, ती जागा, तिथली माणसं, सगळ्याचीच धास्ती. तिथलेच डॅनियल मिल्स आणि बाकीच्या तज्ज्ञांनी 2020 मध्ये लिहिलं की वागणं बिघडलंय म्हणून त्यांच्यासारख्यांकडं पाठवलेल्या प्राण्यांमध्ये, कमीत कमी धरलं तरी, एक तृतीयांश जणांना कुठं ना कुठं दुखत असतं. म्हणजे ट्रेनर बोलावायच्या आधी डॉक्टर, एवढं तरी करा. आठ वर्षं धीट असलेलं कुत्रं नवव्या वर्षी घाबरट झालं तर त्याचे दात, कान, पाठ, सांधे आधी तपासून घ्या.

एक गोष्ट कळवळून सांगते. डॉक्टरकडं जायच्या आधी बाबांनी त्यांची गुडघ्याची गोळी अर्धी करून चिंगीसाठी काढली होती, मायेनंच. नशीब मी फोन करून विचारलं. आपल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक असल्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, किडनी जाऊ शकते, पॅरासिटामॉल सुद्धा मनानं द्यायची नाही. डायक्लोफेनॅक म्हणजे तेच औषध, जे दिलेली जनावरं मेल्यावर खाऊन आपली गिधाडं संपत आली आणि 2006 मध्ये सरकारनं जनावरांसाठी ते बंद केलं. कुत्र्यांची औषधं वेगळी असतात, डोस वजनावर असतो.

(घरातली दृश्यं.)

आता घरात काय बदललं ते बघा. ही फरशी, गुळगुळीत टाईल्स, दिसायला छान, पण तिच्यासाठी ते तेल सांडल्यासारखं. म्हणून पलंगापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आईनं जुन्या सतरंज्या टाकल्या, खाली घसरू नये म्हणून रबरी जाळी. त्याच दिवशी ती मधे न थांबता पाणी प्यायला गेली. एवढीच गोष्ट होती, आठवलं तरी रडू येतं. जिना उतरताना पोटाखालून टॉवेल घालून तिचा मागचा भार आम्ही उचलतो. एक लांब चक्कर मारायच्या ऐवजी तीन छोट्या, आणि त्यात तिला पाहिजे तिथं थांबून वास घेऊ द्यायचा, एका खांबाला पाच मिनिटं लागली तर पाच मिनिटं, तोच तिचा पेपर. घरात जुन्या टॉवेलच्या घड्यांत भाकरीचे तुकडे लपवतो, ती नाकानं घडी उलगडत बसते आणि दमून शांत झोपते. वजन 24 किलोवरून 20 वर आणलं, सगळ्यात अवघड हेच, कारण बाबांचा चहा-बिस्किटाचा कार्यक्रम. घरी बघायचं तर बरगडीवरून हात फिरवा, आपल्याच हाताच्या मागच्या बाजूवर बोट फिरवल्यासारखं लागलं तर ठीक, तळहातासारखं गुबगुबीत लागलं तर वजन जास्त आहे.

भाची आता शिकलीये. ती जाऊन मिठी मारत नाही, बसून हाक मारते, चिंगी आली तर तीन मोजेपर्यंत खाजवते आणि हात काढून घेते. परत नाक पुढं केलं तर अजून. तोंड फिरवलं तर, "आत्त्या, ती आज नको म्हणाली."

हे गल्लीतल्या कुत्र्यांना पण लागू आहे, चिडलेल्या कुत्र्याच्या कानात पू असू शकतो. पण तिथं स्वतः हात लावायला जाऊ नका. लस नसलेल्या कुत्र्याचं वागणं अचानक बदललं तर तो रेबीज पण असू शकतो. लांब राहा, पालिकेला किंवा प्राणीमित्रांना कळवा, आणि चावा किंवा ओरखडा असेल तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

यंदाच्या दिवाळीत डॉक्टरांनी आधीच औषध ठरवून दिलं होतं, नुसती गुंगी आणणारं नको असं त्यांनी मुद्दाम सांगितलं, कारण त्यानं अंग ढिलं पडतं पण भीती आत तशीच राहते. संध्याकाळी उजेडातच फिरवून आणलं, खिडक्या बंद, पंखा फुल, टीव्ही चालू. ती मधल्या खोलीत गोधडीवर होती आणि आई तिच्या पाठीला पाठ लावून लसूण सोलत बसली होती. जवळ घेतलं की कुत्रं जास्त घाबरायला शिकतं म्हणतात, ते खरं नाही, भीतीला माया दिल्यानं भीती वाढत नाही. बाँब फुटले तेव्हा ती थरथरली. पण पलंगाखाली नाही गेली.

(आजची सकाळ. तोच जिना.)

हे आज सकाळचं. टॉवेल माझ्या हातात आहे. एक, दोन, तीन, चार पायऱ्या. पाचवीवर ती थांबली, जांभई दिली. खाली आई पट्टा घेऊन उभी आहे.

"असू दे गं बाई, सावकाश ये. दूधवाला जाऊ दे आधी."