१२५१ लागतंय का बघा

(पुराच्या दिवसांत बातम्यांसाठी घरात कोणता रेडिओ ठेवावा, यावर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका वाचनालयात पावसाळ्याआधी झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आधी एक काम करा. तो कोपऱ्यातला एलईडी बल्ब बंद करा. आणि त्या खिडकीजवळ मोबाइलचा चार्जर लावलाय, तोही काढा. ऐकलंत? इतका वेळ हा रेडिओचा सेट मिक्सर लावल्यासारखा गुरगुरत होता, आता बातम्या देणाऱ्या बाईचा आवाज कसा स्वच्छ आला. म्हणजे दोष सेटमध्ये नव्हता, खोलीत होता. स्वस्तातले बल्ब, चार्जर, इन्व्हर्टर ही सगळी मीडियम वेव्ह आणि शॉर्टवेव्हवर खरखर सोडतात. म्हणून गावचा करंट जातो त्या रात्री रेडिओ वर्षभरात वाजला नसेल इतका छान वाजतो.

माझं आयुष्य बेळगावच्या शहापुरात रेडिओ उघडून दुरुस्त करण्यात गेलं. तरी मी फसलो, ते आधी सांगतो. दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन एक ‘इमर्जन्सी रेडिओ’ मागवला. लाल रंग, बाजूला हँडल, वर सोलरची पट्टी, टॉर्च, भोंगा, फोन चार्ज करायची सोय. नातू खूश. मिनिटभर हँडल फिरवलं की रेडिओ पाच-सहा मिनिटं वाजायचा, ते ठीक. पण फोन लावून दहा मिनिटं फिरवलं तेव्हा चार्जिंग कसंबसं एक-दोन टक्क्यांनी चढलं, आणि माझा खांदा उतरला. सोलरची पट्टी तळहाताएवढी. जांबोटी-कणकुंबीच्या आभाळात जुलैमध्ये ती काय करणार? शिवाय त्यात ‘वेदर बँड’ होता. तो १६२ मेगाहर्ट्झच्या आसपास लागतो, अमेरिकेत तिथं चोवीस तास हवामान सांगतात. आपल्याकडं तिथं नुसती सूं सूं.

खरी गोम पुढं आहे. आपल्या देशात मीडियम वेव्हची स्टेशनं नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या पायऱ्यांवर बसवलेली आहेत, अमेरिकेत दहा-दहाच्या. माझा सेट दहाच्या उड्या मारायचा. सांगली आकाशवाणी १२५१ किलोहर्ट्झवर, तो १२५० वर थांबायचा, चालून जायचं. पण धारवाड ७६५ वर. सेट ७६० वर थांबणार, नाहीतर ७७० वर. बरोबर मधे धारवाड हरवलं! बऱ्याच सेटमध्ये ही पायरी बदलता येते, बरोबरचं पत्रक वाचा. माझ्यात ती सोय नव्हती.

आता कुणी म्हणेल, हातात मोबाइल असताना हे कशाला? पुरात करंट गेला की मोबाइलचा टॉवर बॅटरीवर काही तास चालतो, मग डिझेल लागतं. रस्त्यावर पाणी आलं की डिझेल पोचत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये यमगर्णीपाशी वेदगंगा हायवेवर आली होती, ते निपाणीकडच्या पाहुण्यांना विचारा. आणि आपली सीमाभागाची अडचण वेगळीच आहे. चिकोडी, रायबाग, अथणीच्या काठावर पाणी किती चढणार हे कोयनेतून किती क्युसेक सोडलं त्यावर ठरतं, म्हणजे बातमी महाराष्ट्रातली. शाळेला सुट्टी, रस्ता बंद, हिडकल धरणाचं पाणी, ही बातमी कर्नाटकातली, कन्नडमधून. आपल्याला दोन्हीकडं कान लागतो. भाषेचं भांडण पाण्याला माहीत नाही, जाऊ दे तो विषय.

एफएम डोंगर ओलांडत नाही. खोऱ्यातल्या गावात जाऊन बघा. मीडियम वेव्ह जमिनीला धरून वळसा घेत येते. पण लोक करतात काय, मीडियम वेव्ह लावतात आणि वरची चकचकीत अँटेना ओढून उभी करतात. त्या दांडीचा तिथं काडीचा उपयोग नाही. मीडियम वेव्हची अँटेना सेटच्या पोटात असते. हा बघा, मागचं झाकण काढतो. ही पेन्सिलीएवढी काळी कांडी, तिच्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली. ही फेराइटची कांडी. हिची कूस स्टेशनकडं पाहिजे, टोक नव्हे. आपल्या इथून सांगली सरळ उत्तरेला, म्हणजे कांडी पूर्व-पश्चिम ठेवायची. धारवाड पूर्वेला, पणजी पश्चिमेला, त्यांच्यासाठी उत्तर-दक्षिण. अँटेना न ओढता नुसता सेट फिरवा, आवाज मिटतो आणि उमलतो. हा असा.

शॉर्टवेव्हबद्दल खरं बोलतो. लहानपणी सिलोन लावायला आम्ही चढाओढ करायचो. बीबीसी हिंदीनं तर जानेवारी २०२० च्या अखेरीस शॉर्टवेव्ह बंदच केली. आता तिथं चिनी स्टेशनं भरपूर. हौस म्हणून घ्या, मजा आहे: दिवसा वरचे मीटर बँड चालतात, १३ ते १७ मेगाहर्ट्झ, रात्री खालचे, ५ ते ९. पाचेक मीटर वायर अँटेनेला चिमट्यानं लावून खिडकीबाहेर सोडली की फरक कळतो, वीज कडाडायला लागली की मात्र आधी ती काढायची. ‘एसएसबी’ ही वेगळ्या तऱ्हेचं प्रसारण ऐकायची सोय असलेला सेट घेतलात तर हॅम मंडळी, म्हणजे हौशी बिनतारीवाले, काय बोलतात ते समजतं, नसेल तर बदकं भांडल्यासारखं ऐकू येतं. पुरात मात्र शॉर्टवेव्हवर विसंबू नका.

मागून काकू विचारतायत, मग घ्यायचा कोणता? सेलवर चालणारा घ्या, काकू. आतल्या लिथियम बॅटरीचा सेट वर्षभर कपाटात पडला की गरजेच्या दिवशी मेलेला निघतो. साधे पेन्सिल सेल किराणा दुकानातही मिळतात. पण पाऊस संपला की ते काढून ठेवा. पाझरलेल्या सेलनी खाल्लेल्या स्प्रिंगा बदलण्यात माझे निम्मे दिवस गेले. काट्याचा साधा सेटही चालेल, त्याला नऊ-दहाची भानगडच नाही. दुकानदार नेहमी एफएमवर गाणं लावून दाखवतो. त्याला म्हणा, गाणं राहू दे, १२५१ लागतंय का बघा. देशात मीडियम वेव्हची बरीच केंद्रं बंद होऊन एफएमवर गेलीत, तेव्हा आपल्या घरातून काय काय लागतं ते मे महिन्यातच एकदा फिरवून लिहून ठेवा.

मी इथं मागं चिकटपट्टी लावून मार्करनं लिहिलंय: सांगली १२५१, धारवाड ७६५, पणजी १२८७, कोल्हापूर एफएम १०२.७. अंधारात आकडे आठवत नाहीत. घ्या, पुढच्या रांगेतून मागं द्या. लिहून घ्या, सेट फिरवून बघा. दांडी तेवढी ओढू नका, एकदा तुटलीय.