तुरा

(दृश्य: प्रयाग चिखलीजवळचं उसाचं शिवार, सकाळ)

दिवाळी सरली की पंचगंगेकाठचा ऊस पांढरा फुलतो. लांबून बघत राहावं असं ते दृश्य. मळ्याच्या मालकाचा चेहरा मात्र उतरतो. तुरा आला म्हणजे वाढ थांबली. तोड लांबली तर कांडी पोकळ पडणार, वजन घटणार, साखरेचा उतारा कमी होणार.

हा तुरा जरा जवळून बघू.

यात हजारो फुलं आहेत. रेशमी केसांत दडलेली, पाकळ्या नसलेली. इथं मधमाशीला बोलवायचं नाही, म्हणून रंग नाही, मध नाही. प्रत्येक फुलात तीन पुंकेसर आणि पिसासारखी दोन कुक्षी. वाऱ्यावरचे परागकण त्या पिसांनीच झेलायचे. पावसाळ्याच्या शेवटी दिवस लहान होऊ लागले, तेव्हाच शेंड्यात याची घडण सुरू झालेली असते.

मग आपण उसाचं बी का पेरत नाही?

एक तर आपल्याकडं रात्री गार पडल्या की बरेचसे परागकण निकामी होतात. आणि बी धरलंच, तरी त्यातून उगवणारं प्रत्येक रोप वेगळं. आईसारखं नाही, बापासारखंही नाही.

(दृश्य: सरीत लागण)

म्हणून दोन डोळ्यांची टिपरी, म्हणजे उसाचा तुकडाच लावायचा. डोळ्यातून कोंब, पेरावरून मुळं. तोड झाली की त्याच बुडख्यातून पुन्हा फुटतो तो खोडवा. या शिवारातला 'शहाऐंशी-बत्तीस', म्हणजे को ८६०३२ या जातीचा ऊस, सगळा एकाच रोपाचा विस्तार आहे! रोग आला तर सगळ्याला सारखाच धोका, तो यामुळंच.

ते पहिलं रोप मात्र बियाचं होतं.

कोईमतूरला १९१२ साली ऊस पैदास केंद्र सुरू झालं. तिथं तुरा चांगला येतो, बीही धरतं. गोड ऊस आणि नदीकाठचं रानटी काश गवत यांचा संकर करून तिथून १९१८ साली को २०५ बाहेर पडला. को ८६०३२ची आई को ६२१९८, बाप कोसी ६७१.

निवडलेल्या दोन तुऱ्यांचा संकर करायचा, कापसासारखं हलकं बी गोळा करायचं, ट्रेमध्ये पेरायचं. हजारो रोपं उगवतात. कुणी बारीक, कुणी फिकं, कुणी रोगाला बळी. दहा-बारा वर्षं चाळत राहायचं.

एखादंच टिकतं. मग त्याच्या टिपऱ्या होतात आणि बेणं गावोगाव निघतं.